सर्व्हर विकणाऱ्यानं हार्डवेअरच्या बातम्यांत नेमकं काय बघावं?

रॅकमाउंट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नवा प्रोसेसर आला की आपल्या धंद्यातले सगळे ग्रुप त्याच बातमीनं भरून जातात. किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, कुणी कुणाला मागं टाकलं. २०१७ मध्ये एएमडीचा पहिला एपिक ३२ कोअरचा होता, २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला ट्युरिन १९२ कोअरपर्यंत गेला. त्याच वर्षी इंटेलचा १२८ कोअरचा ग्रॅनाइट रॅपिड्सही आला. वाचायला मजा येते, मलाही येते. पण ज्याला उद्या सकाळी ग्राहकाला कोटेशन पाठवायचंय त्याच्यासाठी ही बातमी दुय्यम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपला सौदा जुळतो किंवा फिस्कटतो तो मेमरीच्या पुरवठ्यावर, लायसन्सच्या नियमांवर आणि सपोर्ट संपण्याच्या तारखांवर. या बातम्या कुठंतरी आतल्या पानावर असतात आणि अंगाशी येतात तेव्हाच कळतात.

मेमरीपासून सुरुवात करतो, कारण सध्या घोडं तिथंच अडतंय.

जगातली बहुतेक डीरॅम (संगणकाची मुख्य मेमरी) तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या जीपीयूला लागणारी एचबीएम ही वेगवान मेमरीही याच तिघी बनवतात. मायक्रॉननं स्वतःच सांगितलेलं गणित असं, की तेवढ्याच क्षमतेची एचबीएम काढायला आजच्या सर्व्हरमधल्या डीडीआर५ मेमरीच्या साधारण तिप्पट वेफर (चिप कापायच्या सिलिकॉनच्या चकत्या) खर्ची पडतात. म्हणजे कारखान्यानं थोडी जास्त एचबीएम काढायची ठरवली, की आपल्या साध्या सर्व्हर मेमरीचा त्याच्या तिप्पट हिस्सा जातो. नवा कारखाना उभा करायला वर्षं लागतात, त्यामुळे ही तूट महिन्या-दोन महिन्यांत भरून निघणारी नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. डेटा सेंटरची मागणी वाढलीय, माल तिकडं वळवायचाय, असं कारणही सरळ दिलं. त्यावर बराच गोंधळ झाला, पण मायक्रॉनच्या नावाचा एंटरप्राइज माल व्यावसायिक चॅनलमध्ये मिळत राहील, असंही त्याच घोषणेत होतं. आपल्या कामाचं वाक्य तेच होतं आणि फार थोड्यांनी ते वाचलं. त्याआधी, २०२५ मध्येच, मेमरी कंपन्यांनी डीडीआर४ ही आधीच्या पिढीची मेमरी आटोपती घ्यायला सुरुवात केली आणि जुनी म्हणून स्वस्तात मिळणारी डीडीआर४ उलट महागली. जुन्या सर्व्हरला मेमरी वाढवून अजून दोन वर्षं ढकलू, असं म्हणणाऱ्या ग्राहकांचा हिशेब त्यामुळे पार बदलला.

तर प्रश्न असा: तुम्ही कोटेशनमध्ये मेमरी कशी लिहिता? आणि मेमरीशिवाय कोणत्या बातम्यांवर डोळा ठेवता?

हॉटस्वॅप

चांगला धागा. आम्ही मेमरी आणि एसएसडी या दोन ओळी वेगळ्या काढल्या. बाकी सर्व्हरचा भाव नेहमीच्या मुदतीसाठी, या दोन ओळींचा भाव फार तर आठवड्यासाठी, आणि तसं कोटेशनच्या पहिल्याच पानावर ठळक लिहितो. खाली बारीक अक्षरात लिहून उपयोग नसतो. ग्राहकाचा खरेदी विभाग ते वाचत नाही, आणि नंतर भांडण आपल्याशी होतं.

आमच्या बाबतीत एका डिस्ट्रिब्युटरनं पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) स्वीकारल्यावर मेमरीचा भाव वाढवून मागितला. लेखी कन्फर्मेशन होतं म्हणून आम्ही अडून बसलो आणि जुन्या भावात माल घेतला. तेव्हापासून "हो, आहे, पाठवतो" या फोनवरच्या शब्दावर एकही सौदा करत नाही. माल राखून ठेवल्याचा ईमेल, त्यात पार्ट नंबर, नग आणि तारीख. एवढं हातात आल्याशिवाय ग्राहकाला डिलिव्हरीची तारीख देत नाही.

डिमस्लॉट

मी या धंद्यात नवीन आहे, म्हणून विचारतो. मेमरी इतकी महागत असेल तर आत्ताच भरून ठेवावी का? वर्षभराचा माल एकदम उचलला तर?

ऑर्डरडेस्क

@डिमस्लॉट, नका उचलू.

मेमरीचा धंदा चढउताराचा आहे आणि उतार आला की तो विचारून येत नाही. २०१८ मध्ये भाव शिखरावर होते, २०१९ मध्ये कोसळले. २०२२ च्या उत्तरार्धापासून पुन्हा इतकी घसरण झाली, की एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंगला उत्पादन कमी करत असल्याचं जाहीर करावं लागलं. आज ज्यांच्या दारात रांग आहे त्याच या कंपन्या. आपल्यासारख्या मधल्या माणसानं उधारीवर माल भरून ठेवला आणि भाव पडला, तर कंपनी सावरते, आपण सावरत नाही.

दुसरं म्हणजे, नुसती मेमरी भरून चालत नाही, ती त्या मॉडेलला चालली पाहिजे. आज ४८०० वेगाची भरलीत आणि ग्राहकानं पुढच्या पिढीचा सर्व्हर घेतला, तर ती मेमरी कपाटातच राहणार.

ज्या सौद्याची पीओ हातात आहे त्याची मेमरी मात्र त्याच दिवशी उचला. सर्व्हरची बॉडी यायला वेळ लागला तरी हरकत नाही.

पोर्ट८०

ऑर्डरडेस्क यांच्याशी सहमत. मी प्रीसेल्सला आहे (विक्रीआधी कॉन्फिगरेशन ठरवून देते), त्यामुळे तांत्रिक बाजू मांडते, कारण टंचाईच्या काळात याच बाबतीत चुकीची कॉन्फिगरेशन्स फार निघतात.

ग्राहक म्हणतो, "मेमरी महाग आहे ना, मग आत्ता ६४ जीबीच्या दोनच द्या, पुढं वाढवू." ऐकायला समंजस वाटतं. पण इंटेलच्या सफायर रॅपिड्स किंवा एमरल्ड रॅपिड्सच्या प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे आठ चॅनल (मेमरीकडे जाणाऱ्या वाटा) असतात आणि एपिकच्या ९००४ मालिकेत बारा. आठ चॅनलच्या प्रोसेसरला दोनच मोड्यूल (मेमरीच्या पट्ट्या) लावले, तर मेमरीची बँडविड्थ (डेटा ने-आण करायची क्षमता) पावपटीवर येते. डेटाबेस चालवणारा ग्राहक आठवड्यात फोन करतो की नवा सर्व्हर जुन्यापेक्षा हळू चालतोय. मग दोष सर्व्हरच्या ब्रँडला जातो, प्रोसेसरला जातो, आणि शेवटी विकणाऱ्याला. तीच १२८ जीबी १६ च्या आठ मोड्यूलमध्ये द्या, सगळे चॅनल भरतात.

उलट बाजूही आहे. सगळे स्लॉट भरून टाकले की पुढं वाढवायला जागा राहत नाही, आणि एका चॅनलवर दोन मोड्यूल बसवले की वेग उतरतो. सफायर रॅपिड्समध्ये चॅनलला एक असेल तर ४८००, दोन झाले की ४४००. त्यामुळे ग्राहकाला पुढच्या तीन वर्षांत किती मेमरी लागेल हे आधी विचारून घ्या आणि मगच मोड्यूलचा आकार ठरवा. हे संभाषण पंधरा मिनिटांचं असतं, पण ते न केल्यानं किती जुने मोड्यूल काढून फेकावे लागतात हे मी बघितलंय.

@डिमस्लॉट, तुम्ही नवीन आहात म्हणून आणखी एक. डीडीआर४ मध्ये साध्या पीसीचा यूडिम मोड्यूल आणि सर्व्हरचा आरडिम एकाच स्लॉटमध्ये बसायचा, फक्त मशीन सुरू व्हायचं नाही. डीडीआर५ मध्ये दोघांची खाचच वेगळ्या जागी आहे. कारण व्होल्टेज नियंत्रण करणारी चिप आता मोड्यूलवरच असते, आणि तिला आरडिममध्ये १२ व्होल्ट येतात, यूडिममध्ये ५. मोड्यूल बसत नसेल तर जोर लावू नका, लेबल वाचा. रँक (चिपचे गट) वेगळे किंवा चिपची रचना वेगळी असलेले मोड्यूल एकत्र लावण्याआधी त्या मॉडेलचं मेमरी गाइड उघडा. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात आणि पिढीगणिक बदलतात.

डिमस्लॉट

खूप खूप आभार, पोर्ट८०. बँडविड्थचा मुद्दा कुणीच सांगितला नव्हता. आमच्याकडे एकूण किती जीबी एवढंच बघतात.

कोअरमोजणी

आता माझा आवडता विषय, लायसन्स. रॅकमाउंट म्हणतात की कोअरची बातमी दुय्यम. मी तिला एक जोड देतो: जास्त कोअरची बातमी ही लायसन्स महागल्याची बातमी असते.

विंडोज सर्व्हरचा नियम असा: सर्व्हरमधले सगळे फिजिकल कोअर लायसन्स करायचे, प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६. स्टँडर्ड एडिशनमध्ये एवढं करून दोन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) मिळतात. आणखी दोन हवी असतील तर सगळे कोअर पुन्हा लायसन्स करायचे.

समजा ग्राहकाला सहा व्हीएम चालवायच्यात. विकणाऱ्यानं ३२ कोअरचे दोन प्रोसेसर दिले. एकूण ६४ कोअर, तीनदा लायसन्स, म्हणजे १९२ कोअरचं लायसन्स. तेच काम १६ कोअरच्या एका चांगल्या वेगाच्या प्रोसेसरवर होत असेल तर १६ तिरी ४८. चौपट फरक! आणि लहान ऑफिसच्या सहा व्हीएम बहुतेक वेळा १६ कोअरवर आरामात चालतात. मोठ्या संख्येनं व्हीएम असतील तर डेटासेंटर एडिशन परवडते, तिथं व्हीएमची मर्यादा नाही. पण हा हिशेब कोटेशनच्या आधी मांडायला हवा.

व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हीएमवेअरकडे प्रोसेसरमागे किमान १६ कोअर मोजतात. म्हणजे ८ कोअरचे दोन प्रोसेसर टाकलेत तर लायसन्स ३२ कोअरचं, आणि १६ चा एक टाकलात तर १६ चं. दोन सॉकेटचा (दोन प्रोसेसर बसणारा) सर्व्हर देण्याची आपली जुनी सवय इथं ग्राहकाच्या खिशाला थेट चाट लावते. एका सॉकेटचे सर्व्हर आता इतके दणकट आहेत, की निम्म्याहून जास्त ठिकाणी दुसऱ्या सॉकेटची गरज का आहे, हे विचारायलाच हवं.

बूटलूप

+१. आणि व्हीएमवेअरचा, म्हणजे ब्रॉडकॉमचा, विषय निघालाच आहे तर...

२२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर ताब्यात घेतलं, सुमारे ६९ अब्ज डॉलरचा सौदा. डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद, फक्त सबस्क्रिप्शन. त्याच सुमारास जुना पार्टनर प्रोग्राम गुंडाळला आणि नव्यात फक्त निमंत्रितांना घेतलं. लहान रिसेलर एका फटक्यात बाहेर पडले. वर्षानुवर्षं सर्व्हरसोबत ओईएम लायसन्स (सर्व्हर कंपनीमार्फत मिळणारं) जोडून द्यायची पद्धतही मोडली. मला याचा आजही राग आहे. ज्यांनी दहा-पंधरा वर्षं गावोगावचे ग्राहक उभे केले, त्यांना साधी चर्चेची संधीही मिळाली नाही.

पण राग बाजूला ठेवून सांगतो, आपल्या हार्डवेअरवर याचा काय परिणाम झाला ते नीट बघा. २ ऑक्टोबर २०२५ ला व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट संपला. बरेच ग्राहक आता प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही या पर्यायी सॉफ्टवेअरकडे वळताहेत. प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस किंवा सेफ (डिस्क स्वतः सांभाळणारी स्टोरेज सॉफ्टवेअर) वापरायचं असेल तर डिस्क थेट ऑपरेटिंग सिस्टिमला दिसल्या पाहिजेत. तिथं महागडं रेड कार्ड (डिस्क एकत्र बांधून एखादी बिघडली तरी डेटा राखणारं) देऊन उपयोग नाही, साधा एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) हवा. सेफसाठी किमान तीन नोड (सर्व्हर) आणि त्यांच्यामध्ये वेगळं, वेगवान नेटवर्क. म्हणजे ग्राहकानं सॉफ्टवेअर बदललं की कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, स्विचचे पोर्ट, सर्व्हरची संख्या, सगळंच बदलतं. व्हीएमवेअरच्या काळातलं जुनं कॉन्फिगरेशन कॉपी-पेस्ट करून कोटेशन देणारे इथं तोंडघशी पडताहेत.

जुनासर्व्हर

मी रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून पुन्हा तयार केलेल्या, मालात आहे. नव्या मालाच्या टंचाईमुळे आमच्याकडे गर्दी वाढलीय, म्हणून घेणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी काही गोष्टी कळकळीनं लिहितो.

एपिक प्रोसेसरचं कुलूप. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट नावाची सोय आहे. ती वापरणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर सुरू झाला की त्याच्या आतले फ्यूज कायमचे उडवले जातात आणि तो त्या कंपनीच्या डिजिटल सहीच्या फर्मवेअरशी (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरशी) बांधला जातो. डेल आणि लेनोवोच्या सर्व्हरमधून काढलेल्या एपिकबाबत हे २०२० पासून उघड झालंय. असा प्रोसेसर दुसऱ्या ब्रँडच्या बोर्डात टाकला तर चालू होत नाही. आणि बाहेरून बघून काही म्हणजे काही कळत नाही! तोच नंबर, तोच चकचकीत पत्रा. त्यामुळे सुटा एपिक घेताना तो कोणत्या मशीनमधून काढलाय हे लेखी घ्या. विकणारा सांगत नसेल तर सोडून द्या.

फर्मवेअर. फेब्रुवारी २०१४ पासून एचपीनं प्रोलायंट सर्व्हरचे बायोससारखे अपडेट वॉरंटी किंवा सपोर्ट करार असलेल्यांपुरते मर्यादित केले. जुना प्रोलायंट विकताना तो कोणत्या बायोसवर आहे हे बिलावर लिहिणारा विक्रेता मला जास्त प्रामाणिक वाटतो.

आणि आता एसएसडी. हे सगळ्यांनी वाचाच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईनं (एचपीपासून वेगळ्या झालेल्या सर्व्हर कंपनीनं) सूचना काढली, की त्यांच्या सॅस जोडणीच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात. डेटा परत मिळत नाही, डिस्कही परत चालत नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. आकडा बघितलात? २ चा १५ वा घात. तासांचा मीटर त्या आकड्याला पोचला की फर्मवेअर कोलमडायचं. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. दोन्ही वेळा उपाय एकच, फर्मवेअर अपडेट, पण तो त्या तासाच्या आधी.

यातली भयंकर गोष्ट अशी, की सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्क बहुधा एकाच दिवशी बसवलेल्या असतात. म्हणजे त्यांचे तासही सारखे. रेड ५ असो, रेड ६ असो, रेड १० असो, सगळ्या डिस्क एकापाठोपाठ जाणार. रेडचा सगळा हिशेब डिस्क वेगवेगळ्या वेळी बिघडतील या गृहीतकावर उभा आहे आणि इथं ते गृहीतकच कोसळतं. म्हणून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक एसएसडीचे चाललेले तास आणि फर्मवेअरचा नंबर वाचून, ती पट्टी डिस्कवर चिकटवूनच माल बाहेर जातो. ग्राहकाला ते कळलं नाही तरी त्याच्या इंजिनिअरला कळतं.

हॉटस्वॅप

@जुनासर्व्हर, फार महत्त्वाचं लिहिलंत. ही सूचना आली तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी विकलेल्या सर्व्हरची यादी काढून ग्राहकांना फोन केले असतील? ज्यांनी केले त्यांचे ग्राहक आजही त्यांच्याकडेच आहेत, मला असे दोन-तीन जण माहीत आहेत. सर्व्हर विकताना सिरीयल नंबरांची नोंद ठेवायची ती वॉरंटीसाठी तर आहेच, पण खरा उपयोग अशा दिवशी होतो.

पंख्याचाआवाज

वीज आणि थंडाव्यावर कुणीच लिहिलं नाही अजून.

एनव्हीडियाचा एच१०० हा एआयचा जीपीयू एसएक्सएम रूपात (कार्ड नव्हे, थेट बोर्डावर बसणारा) ७०० वॉटपर्यंत जातो, बी२०० हजार वॉटपर्यंत. जीबी२०० एनव्हीएल७२ हा आख्खा रॅक साधारण १२० किलोवॉट खातो आणि पाण्यावर थंड होतो. हे वाचून ग्राहक आपल्याला विचारतात, "आमच्याकडे एआयसाठी सर्व्हर लावता येईल का?" त्यांच्या सर्व्हर रूममध्ये एसी एकच, आणि यूपीएस आधीच भरत आलेला.

अशा वेळी नाही म्हणायची गरज नसते. एनव्हीडियाचंच एल४ हे कार्ड ७२ वॉटचं आहे, एका स्लॉटचं, कमी उंचीचं, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. छोटं मॉडेल चालवायला, व्हिडिओच्या कामाला पुरतं. एल४०एस मात्र ३५० वॉटचं, दोन स्लॉटचं. ते नुसतं कार्ड म्हणून विकू नका. त्याला योग्य रायझर (कार्ड ज्यात बसतं ती जोडपट्टी) लागतो, पॉवर केबल लागते, बऱ्याच मॉडेलांत जास्त ताकदीचे पंखे आणि प्रोसेसरवरचा बुटका हीटसिंक लागतो. यातलं एक जरी राहिलं तर कार्ड खोक्यातच पडून राहतं, आणि तो रायझर यायला पुन्हा आठवडे.

आणखी एक बारीक गोष्ट. मोठ्या पॉवर सप्लायला सी१३ च्या जागी सी१९ केबल येते. सी१३ दहा अँपिअरची, सी१९ सोळाची. ग्राहकाच्या पीडीयूवर (रॅकमधल्या वीज वाटपाच्या पट्टीवर) त्या जोडीचे सॉकेट आहेत का, हे फोटो मागवून बघा. शनिवारी रात्री डाउनटाइम घेऊन सगळे जमलेत आणि केबल बसत नाही, असं नको.

ऑर्डरडेस्क

डिस्ट्रिब्युटरच्या बातम्यांकडेही लक्ष द्या मंडळी. २०२१ मध्ये टेक डेटा आणि सिनेक्स एक होऊन टीडी सिनेक्स झाली. म्हणजे ज्यांच्याकडे दोन वेगळे दरवाजे होते त्यांच्याकडे एकच राहिला. जुलै २०२५ मध्ये इनग्राम मायक्रोवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि त्यांची ऑर्डर घेण्याची यंत्रणा काही दिवस बंद होती. ज्यांचा सगळा माल एकाच खात्यातून यायचा त्यांना त्या दिवसांत साधा भावही मिळत नव्हता. दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे खातं उघडून ठेवा, आणि नुसतं उघडून नाही, अधूनमधून ऑर्डरही टाका. बंद पडलेल्या खात्याला ऐन अडचणीत क्रेडिट कुणी देत नाही.

कंपन्यांच्या खरेदीविक्रीचंही तसंच. आयबीएमचे एक्स८६ सर्व्हर २०१४ मध्ये लेनोवोकडे गेले. इंटेलनं २०२३ मध्ये सर्व्हर सिस्टिमचा व्यवसाय मायटॅककडे दिला. एचपीईनं जुलै २०२५ मध्ये ज्युनिपर घेतली. अशा बातमीनंतर एकाच कामाच्या दोन मालिका एका घरात येतात आणि त्यातली एक कधी ना कधी थांबते. त्यामुळे आम्ही त्या दिवसापासून एंड ऑफ सेलच्या (विक्री थांबण्याच्या) सूचना डोळ्यांत तेल घालून बघतो. शेवटची ऑर्डर कधी, शेवटचं डिस्पॅच कधी, सपोर्ट कधीपर्यंत, या तिन्ही तारखा वेगळ्या असतात. ग्राहकाला तिन्ही सांगा.

पोर्ट८०

शेवटच्या ऑर्डरच्या तारखेचा एक परिणाम लोक विसरतात. ग्राहक आज क्लस्टरसाठी (एकत्र मिळून काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटासाठी) तीन सर्व्हर घेतो आणि "चौथा पुढच्या वर्षी" म्हणतो. पुढच्या वर्षी ते मॉडेल नसलं आणि नव्या पिढीचा प्रोसेसर आला, तर चालू व्हीएम इकडून तिकडं हलवायला व्हीएमवेअरच्या ईव्हीसीसारखी सोय लावून नव्या प्रोसेसरची काही वैशिष्ट्यं झाकून ठेवावी लागतात. आणि तीन इंटेलचे नि चौथा एएमडीचा घेतला तर चालू व्हीएम हलतच नाही, बंद करूनच न्यावं लागतं. त्यामुळे चौथा सर्व्हर नक्की लागणार असेल तर आजच घ्या, असं मी ग्राहकाला स्पष्ट सांगते. हे विक्री वाढवण्यासाठी सांगत नाही हे त्यांना कळावं म्हणून कारण लेखी देते.

डिमस्लॉट

एक शेवटचा प्रश्न. स्वस्तात सुटी मेमरी आणि नेटवर्क कार्ड देणारे बरेच जण ऑनलाइन दिसतात. घ्यावं का?

जुनासर्व्हर

@डिमस्लॉट, टंचाई आली की बनावट माल वाढतोच. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट सिस्को उपकरणं विकणाऱ्या एकाला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. तो माल सर्वांच्या ओळखीच्या ऑनलाइन बाजारांतूनच विकला जात होता. मेमरीचं लेबल बदलणं तर त्याहून सोपं. माल आला की चालू सर्व्हरमध्ये लावून मॅनेजमेंट पोर्टमधून (सर्व्हर दुरून तपासायच्या जोडणीतून) प्रत्येक मोड्यूलचा उत्पादक, पार्ट नंबर आणि सिरीयल वाचा आणि स्टिकरशी ताडून बघा. दोन मोड्यूलचा सिरीयल एकच निघाला तर सगळा लॉट परत. भरणा त्या तपासणीनंतरच करायचा, असं आधी ठरवून घ्या. जो विक्रेता याला तयार नाही त्याच्या भावाकडे बघूच नका.

रॅकमाउंट (धागाकर्ता)

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. कोअरमोजणी, तुमचं १९२ आणि ४८ चं उदाहरण मी उद्याच्याच एका मीटिंगमध्ये मांडणार आहे.

एक तारीख पुढं ठेवतो. विंडोज सर्व्हर २०१६ चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. २०१६-१७ च्या सुमारास बसवलेले बरेच सर्व्हर अजून त्यावरच चालू आहेत आणि त्यांच्यात डीडीआर४ आहे. म्हणजे नुसतं ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड म्हणून सुरू झालेलं काम आख्ख्या सर्व्हरवर जाणार. त्यातली जुनी मेमरी नव्या बोर्डात लागत नाही, म्हणजे सगळी नवी घ्यावी लागणार. तुम्ही अशा ग्राहकांशी बोलायला सुरुवात केलीय का?

कोअरमोजणी

केलीय. आधी आम्ही ग्राहकाच्या जुन्या सर्व्हरवर महिनाभर मोजणी चालवतो: प्रोसेसर किती लागतो, मेमरी खरंच किती वापरली जाते, डिस्कवर वाचन-लेखन किती. बऱ्याच ठिकाणी २५६ जीबी घेतलेली असते आणि वापर शंभराच्या आतच असतो. मेमरीची ओळ तिथंच निम्म्यावर येते आणि ग्राहकाचा विश्वास बसतो. मोजणी न करता जुन्या इतकंच किंवा दुप्पट, असं कोटेशन या वर्षी तरी देऊ नये.

हॉटस्वॅप

आम्हीही तेच करतोय, फक्त एक भर: मोजणी महिनाअखेरीसह घ्या. हिशेब बंद करायच्या दिवसांत लोड सगळ्यात जास्त असतो आणि तोच नेमका सुटतो. पीओला मंजुरी मिळायला मोठ्या ऑफिसात किती वेळ लागतो हे आपल्याला माहीतच आहे. त्यामुळे जानेवारीची तारीख गाठायची असेल तर मेमरीची मंजुरी वेगळी आणि आधी घ्यायला सांगतोय. एका ग्राहकानं तशी घेतलीही. त्याचे मोड्यूल आलेत, तपासून सीलबंद ठेवलेत, सर्व्हरची बॉडी मागाहून येईल.